खांदा, कोपर, मनगट

पहिलीच्या बाईची नजर थोडी कमी असली तरी चालतं, कान मात्र तिखट लागतात. माझे होते. मागच्या रांगेतून 'भ'च्या जागी 'ब' आला की फळ्याकडं तोंड असतानाही मला कळायचं, आणि तो कुणाचा हेही कळायचं. या कानांचा मला भारी गर्व होता. त्या गर्वापायी मी एकदा जी माती खाल्ली ती आजवर फक्त आमच्या कमलताईंना माहीत आहे. दिवाळी अंकाचे संपादक 'नोकरीतलं काहीतरी खुसखुशीत लिहा' म्हणून महिनाभर मागं लागले, म्हणून आता तुम्हाला सांगते. खुसखुशीत होईलच असं नाही.

मी राहते बारामतीत. नोकरीची शेवटची वर्षं मात्र इंदापूर तालुक्यात, कळंबच्या पुढं एका वस्तीवरच्या सरकारी शाळेत गेली. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून दोन्ही बाजूंच्या उसातून चालत जायचं. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं, आणि पोरांची खिचडी शिजवायला कमलताई. शाळेचा खरा कारभार त्याच बघायच्या. आम्ही दोघं नावाला.

वाचायला शिकवणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तुम्ही-आम्ही शिकलो 'क कमळाचा'. त्यात होतं काय, की पोर अक्षर बघतच नाही, चित्र बघतं. चित्र झाकलं की बोंबला. माझ्या एका विद्यार्थ्याला नुसता 'क' दाखवला तर तो ठासून 'कमळ' म्हणायचा आणि 'ग' दाखवला की 'गणपती'. दोन्ही मिळून काय झालं, असं विचारलं तर म्हणाला, "कमळातला गणपती." चूक त्याची नव्हती, आमची होती.

नव्या पद्धतीत आधी आवाज. शब्द ऐकायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकडे पुन्हा जोडायचे, आणि मग कुठं अक्षर. वर्णमालेचा क्रमही पाळायचा नाही. ज्या पाच-सहा अक्षरांतून लगेच शब्द होतात ती आधी घ्यायची. तुकडे जोडायला मी हाताचा उपयोग करायची. डाव्या हाताचं बोट उजव्या खांद्यावर ठेवायचं, पहिला आवाज म्हणायचा. कोपरावर दुसरा, मनगटावर तिसरा. मग तळवा खांद्यापासून मनगटापर्यंत सरकवत न्यायचा आणि सगळा शब्द एका दमात म्हणायचा. न, ग, र, नगर. शब्द दोनच तुकड्यांचा असला तर खांदा आणि मनगट. पोरांना हा खेळ इतका आवडायचा की प्रार्थनेलासुद्धा निम्मी पोरं दंड चोळत उभी असायची.

पालकांना मात्र ते पटायचं नाही. एक तात्या काठी आपटत वर्गात आले. "बाई, नातू दिसभर सापावानी फुसफुसतोय, स्सऽ स्सऽ. ह्याला अ-आ-इ-ई कवा शिकवनार? का गारुडी करताय?" मी त्यांना खाली बसवलं आणि नातवाकडून 'सरळ' वाचून घेतलं. तात्या काठी घेऊन उठले. जाताना पायरीवर थांबले आणि हळूच स्वतःच्या खांद्याला बोट लावून बघितलं.

आणि मग आमच्याकडं बोलकी पुस्तकं आली. एका संस्थेनं पाठवली होती, वर्गातल्या प्रत्येकाला एक. जाड पुठ्ठ्याची पानं, कडेला एक डबी आणि डबीवर बटणं. पानावरच्या चित्राचं बटण दाबलं की पुस्तक तो आवाज काढून दाखवतं. लाल बटण दाबून धरलं की पोराचा आवाज त्या पानात साठतो, हिरवं दाबलं की तोच परत ऐकू येतो. शेवटची तीन पानं कोरी होती. त्यांवर आपल्याला हवा तो शब्द चिकटवायचा आणि आपला आवाज भरायचा.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. दुपारी पोरं ग्राउंडवर होती आणि कमलताई पळत आल्या, हातात उलथनं तसंच. "बाई, कपाट बोलतंय!"

"कपाट?"

"आईच्यान. आत कोन तरी 'म, म' करतंय. मी वर्ग झाडाय गेले तर..."

जाऊन बघितलं. मी पुस्तकं एकावर एक रचून ठेवली होती. वजनानं खालच्या पुस्तकाचं बटण दाबलं जात होतं आणि ते आपलं अंधारात बसून धडा म्हणत होतं. मी हसले, कमलताई हसल्या नाहीत. त्यांनी त्या कपाटावरून कोथिंबिरीची काडी ओवाळून टाकली आणि मगच खिचडी वाढली. त्यानंतर मी पुस्तकं उभी ठेवायला लागले.

माझे नियम कडक होते. पुस्तक रोज पोरासोबत घरी जायचं. घरी पोरानं पान वाचायचं आणि आवाज भरायचा. घरच्यांनी ऐकायचं, पण मधे तोंड घालायचं नाही. शनिवारी शाळा सकाळची. पोरं गेली की मी रिकाम्या वर्गात बसून सगळी पुस्तकं ऐकायची, कुणाचं काय अडतंय ते वहीत लिहायची, मग दोन बटणं एकदम दाबून सगळं पुसून टाकायची. सोमवारी कोरं पुस्तक, नवा धडा. मागचं कुरवाळत बसायचं नाही, असा माझा खाक्या होता.

इशू पहिलीत आली ते वर्ष. नाव ईश्वरी, पण सगळे इशू म्हणायचे. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. वर्गात बोलायची कमी, पण कान माझ्याच जातीचे. एकदा सांगितलं की पुरे.

पावसाळा सरता सरता एका शनिवारी तिचं पुस्तक लावलं. 'घर'चं पान. इशूचा आवाज आला, स्वच्छ: "घ. र. घर." मी वहीत बरोबरची खूण केली. पुसायला बोटं ठेवली, तेवढ्यात डबीतून श्वास आला.

लांब श्वास. मग दुसराच आवाज. बाईमाणसाचा, जाड, घशात खूप खोल अडकलेला. "घ..." बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. मग, "...र."

वर्गात मी एकटी होते. बाहेर कारखान्याला जाणारा उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला आणि त्याचा आवाज पार विरल्यावर मी ते पान पुन्हा लावलं. पुन्हा तेच. घरातलं कुणीतरी मधे तोंड घालतंय, एवढंच मनाला सांगितलं आणि पुसून टाकलं.

पुढच्या शनिवारी तो आवाज होता. त्याच्या पुढच्याही. इशू आपला शब्द म्हणायची आणि मागून तो आवाज तुकडे उचलायचा. न, ळ. ग, र, म. तुकडे यायचे, पण शब्द कधी जोडला जायचा नाही. मधली फट मात्र दर आठवड्याला कमी होत होती. पहिल्यांदा त्या फटीत मी वहीचं पान उलटून ओळ लिहू शकले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेन उचलण्याइतकाही वेळ उरला नव्हता. पोर कसं वाचायला लागतं ते मी जन्मभर ऐकत आले. पण पूर्ण वाढलेल्या गळ्यातून ते पहिल्यापासून होताना मी कधी ऐकलं नव्हतं. दर शनिवारी ते पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवायला लागले होते आणि दर शनिवारी ऐकताना वर्गाचं दार उघडं ठेवायला लागले होते. घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

आणि मला भीती वाटली की राग येतो. हा माझा जुना दोष आहे.

त्या शनिवारी पुन्हा 'घर'चं पान होतं, ते मी पुराव्यासाठी पुसलं नाही. सोमवारी मी इशूला उभं केलं. "घरी तुझ्याबरोबर कोण वाचतं?"

"कुनी न्हाय."

"मग हा आवाज कुणाचा?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "कुनाचा न्हाय, बाई."

"खोटं बोलतेस? वर तोंड करून?"

पालकांच्या मोबाइल ग्रुपवर मी आदल्या दिवशीच लिहिलं होतं, की मुलांऐवजी मोठ्यांनी वाचू नये. त्यावर इशूच्या वडिलांचा, दत्ताचा, एका ओळीचा निरोप आला होता: 'म्याडम आमच्या घरी वाचनारं कोनीच नाही.' तोही मला उद्धटपणा वाटला. मी इशूचं पुस्तक सगळ्यांदेखत काढून घेतलं आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. "खरं सांगशील त्या दिवशी मिळेल."

ती रडली नाही. नुसती खाली बसली. त्या दिवसापासून वर्गात तिनं तोंड उघडलं नाही. अकरा दिवस. हजेरीलाही नुसता हात वर. मीही हट्टाला पेटले होते. सहा वर्षांच्या पोरीशी एवढ्या मोठ्या बाईनं हट्ट धरला होता, याची आज लाज वाटते.

अकराव्या दिवशी दुपारी, पोरं जेवत असताना, मी आणि कमलताई वर्गात तांदळाचा हिशेब बघत होतो. आणि कपाट बोललं.

"घ. र."

कमलताईंचा हात तांदळातच राहिला. मी कुलूप काढलं. इशूचं पुस्तक मी त्या दिवशी रागात आडवं टाकलं होतं, त्यावर खडूंचा खोका कलला होता. खोका उचलला तरी आवाज पूर्ण झाला, "घ. र," आणि मग शांत.

"काही नाही हो," मी म्हणाले. "बटण दाबलं गेलं."

कमलताई उठल्या नाहीत. "पुन्यांदा लावा."

मी लावलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "बाई, ह्यो तर सारिकाचा आवाज. दत्ताच्या बायकूचा. इशूच्या आईचा."

"मग? तीच वाचत असणार. तेच म्हणतेय मी."

"न्हाय बाई. तिची वाचा गेल्याली हाय. दुसऱ्या बाळतपनात बाळ गेलं आन् हिच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं, बोलनं गेलं. दोन वर्सं झाली, एक सबूद न्हाय. समद्या वस्तीला ठावं हाय." त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, हात न लावता. "ती बोलत न्हाय, बाई. मग ह्ये काय हाय?"

माझ्या अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीनं नव्हे. 'कुनी न्हाय' म्हणाली होती पोर. त्या घरात सारिकाची गणती 'कुणी'मध्ये होत नव्हती, आणि पोरीनं मला घरात बोलतात तेच सांगितलं होतं. मी तिला खोटारडी ठरवलं होतं.

शाळा सुटल्यावर पुस्तक पिशवीत घालून मी दत्ताच्या रानाकडं निघाले. घर रानातच होतं, पुढं टोमॅटोचं पीक, मागं डाळिंब. ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. माणूस कुणी दिसेना. घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिला बाहेरून कडी होती.

आतून माझा आवाज आला.

अगदी माझा. "चला, कान इकडं! ऐकल्याशिवाय म्हणायचं नाही. हां, परत." मी नाक दाबून बोलल्यासारखी बोलते, हे मला घरचे नेहमी सांगतात. तो आवाज नाकातच होता. मग खिडकीतून बघितलं.

दार बाहेरून बंद होतं, इशू खिडकीच्या गजांतून आत गेली असावी, एक गज वाकवलेला होता. बाजेवर एक तरणी बाई बसली होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, बोटं वळलेली. इशू समोर बसली होती आणि तिच्या मांडीवर बियाण्याच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता. त्यावर तिनं कोळशानं बटणं काढली होती. लाल बटणाच्या जागी कुंकू लावलं होतं. काढलेलं बटण ती दाबायची, आधी माझ्या आवाजात दटावायची, मग स्वतःच्या आवाजात शब्द म्हणायची, आणि मग आईच्या त्या मेलेल्या हाताच्या खांद्यावर बोट ठेवायची.

"घ," बाई म्हणाली.

बोट मनगटावर गेलं. "र."

मग इशूनं आपला चिमुकला तळवा आईच्या खांद्यापासून खाली सरकवत आणला. खूप सावकाश. त्या बाईचे ओठ हलले. शब्द आला नाही. "असूं दे," इशू म्हणाली, आता तिच्या स्वतःच्या आवाजात. "बाईंनी पुस्तक दिल्यावर येईल."

मी कडी काढून आत गेले. सारिकानं माझ्याकडं बघितलं आणि तिचं तोंड मिटलं. डोळे मात्र सगळं समजत होते. इशूनं पुठ्ठा मागं लपवला. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "चुकलं माझं." नोकरीत पहिल्यांदा एखाद्या पोराला असं म्हणाले.

तेवढ्यात दत्ताची आई आली, रानातून, डोक्यावर गवत. तिला सगळे आक्का म्हणायचे. "बाई, तुमी? ह्या खोलीत कशाला बसलाय, वसरीवर चला."

"आक्का, सारिका बोलते."

त्यांनी गवत खाली टाकलं. "कोन सांगतंय? ह्यी पोर? ती तर रोज सांगती. मला तर एक दिस काय बोलली न्हाय. दोन वर्सं हिला न्हाऊ घालती, घास भरवती. एकदा कॅनालकडं चालत निगाली, तवापासून कडी लावाय लागती. माझं गुडगं गेलं, बाई. दत्ता दिसभर रानात न्हायतर मार्केटला. आता येत्या रविवारी हिचा भाऊ येनार हाय, सांगवीवरनं. घिऊन जानार. गेल्या आटवड्यात ठरलंय समदं."

"आणि इशू?"

"ती हितंच ऱ्हाईल की. तिची साळा हाय."

इशू आईच्या मेलेल्या हाताला धरून बसली होती. मी पुस्तक लावून आवाज ऐकवला. आक्कांनी कान देऊन ऐकला आणि मान हलवली. "मशीन हाय त्ये. ह्या पोरीनंच आवाज काडला आसंल. तुमचा बी रोज काडती की." मग सारिकाकडं वळून म्हणाल्या, "बोल गं. बोल बाईंफुडं." सारिकाच्या गळ्याची शीर ताणली आणि काही आलं नाही. चार माणसांसमोर उभं केलं की आधीच अडखळणारं पोर पार मुकं होतं. मला हे माहीत होतं, आक्कांना कसं माहीत असणार?

तेव्हा मला त्या पुसलेल्या शनिवारांची किंमत कळली. सहा आठवड्यांचे आवाज असते तर दत्ताला एकामागून एक ऐकवता आले असते. ती फट कशी मिटत आली, ते कुणालाही कळलं असतं. शेवटचा एक सोडून मी सगळे पुसले होते. आणि रविवारचं ठरलं ते मी पुस्तक कोंडून ठेवलं त्या अकरा दिवसांतच.

रविवारला तीन दिवस होते. सारिका काय म्हणू शकत होती? जे शब्द इशू वर्गातून घरी घेऊन गेली तेवढेच. घर, नळ, गरम. तिला हो-नाही म्हणायलासुद्धा मी काही पाठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: 'जाते' आणि 'राहते'. पोरांनी दंड चोळत म्हटले. गुरुजी दारातून म्हणाले, "हे पुढच्या महिन्यातलं आहे ना?" मी म्हणाले, "असू दे." तेच दोन शब्द इशूच्या पुस्तकातल्या कोऱ्या पानांवर चिकटवले, माझा आवाज भरला. इशूला जवळ घेऊन सांगितलं, "आईला दोन्ही शिकव. हवा तो तिनं म्हणायचा. तू सांगायचं नाहीस."

"दोन्ही नको आसलं तर?" इशूनं विचारलं.

"असं कसं? दोन्हीपैकी एक असणारच," मी म्हणाले. बाई होते ना मी, प्रश्न माझा, पर्याय माझे.

रविवारी सुट्टी असूनही मी बारामतीहून एसटी पकडून गेले. अंगणात सांगवीचा पिकअप उभा होता. सारिकाचा भाऊ पुढं, दत्ता टायरजवळ उकिडवा बसलेला, नजर जमिनीवर. माणूस वाईट नव्हता. थकला होता. सारिकाला नवी साडी नेसवून ओट्यावर बसवलं होतं, शेजारी कपड्यांची पिशवी. इशू तिच्या उजवीकडं, शाळेच्या गणवेशात. रविवारी गणवेश कुणी घातला, विचारायचं भान मला नव्हतं.

मी म्हणाले, "तिला विचारा. एकदा विचारा तरी."

"काय इचारायचं, बाई?" भाऊ म्हणाला. "मला बहीन जड न्हाय."

आक्का माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमीच सांगा. आईसंगं पोर पन धाडायची आन् साळा मोडायची का तिची? तुमच्या हाताखाली चांगली शिकतीया."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी शाळाच कारण झाली होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. गळ्यात तुकडे अडकले होते, जोडले जाईनात. त्या घटकेला कळलं, तिचं रोज काय होत असेल.

भावानं पिशवी उचलली. दत्तानं सारिकाला काखेत हात घालून उभं करायला घेतलं. तिनं डावा हात उचलला. सगळे थांबले, कारण गेल्या दोन वर्षांत तिनं आपणहून काही केलं नव्हतं. तो हात तिच्या स्वतःच्या खांद्यावर जाईल, असं मला वाटलं होतं. जाते का राहते, मी मनात दोन्ही धरून उभी होते. हात इशूच्या खांद्यावर गेला.

"दो."

आक्कांनी छातीवर हात ठेवला. बोट पोरीच्या बाहीवरून खाली आलं, मनगटावर थांबलं.

"घी."

मग तळवा पोरीच्या खांद्यापासून सरकत निघाला. सावकाश, अगदी मनगटापर्यंत आला आणि तिथं पोरीचा हात घट्ट धरला. त्या जाड, खोल गळ्यातून, दोन वर्षांत पहिल्यांदा, सगळा शब्द एका दमात आला.

"दोघी."

मग दत्ता खाली बसला आणि हमसून रडायला लागला. मी रडले नाही. मी आपली खुळ्यासारखी विचार करत होते, की हा शब्द मी शिकवलेलाच नाही. हा आला कुठून?

पिकअपमध्ये दोघी बसल्या. आक्कांनी आतून इशूची दुसरी वेणी बांधायची रिबीन आणून खिडकीतून दिली. दत्ता मागं मोटारसायकलवर गेला.

सोमवारी तो दाखला न्यायला आला. शाळा सोडल्याचं कारण म्हणून मी काय लिहावं? 'आईसोबत स्थलांतर' लिहिलं. त्यानं इशूचं पुस्तक परत केलं. नियमाप्रमाणं मी ते ऐकायला हवं होतं, वहीत लिहायला हवं होतं आणि पुसायला हवं होतं. त्या पुस्तकाला पुन्हा कान लावायचं धैर्य झालं नाही. मी सेल काढले आणि ते कपाटात सगळ्यांच्या मागं उभं ठेवलं. आयुष्यात न ऐकलेला गृहपाठ तेवढा एकच.

सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले. सत्काराला शाल, नारळ, आणि कमलताईंचं रडणं. दत्ता दर आठवड्याला सांगवीला जातो, असं त्या फोनवर सांगतात. सारिका आता थोडं बोलते म्हणे. कामापुरतं.

मागच्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचा फोन आला. तरुण मुलगी, आवाज कापत होता. "बाई, तुमच्या कपाटातून कुणीतरी बोलतं हो."

"पुस्तकं उभी ठेव. आडवी ठेवली की वजनानं बटण दाबलं जातं."

"ते कळलं. कमलताईंनी सांगितलं. मी सगळ्यांत नवे सेल घातले ना, तर एका पुस्तकात मागं एक पान आहे, त्यावर शब्द चिकटवलेला नाहीच. नुसतं चित्र आहे, पोरानं काढलेलं. एक मोठी बाई आणि एक छोटी मुलगी. मोठीला एकच हात आहे आणि तो मुलीच्या खांद्यावर आहे. ते पान लावलं की आधी तुमच्या आवाजात कुणीतरी म्हणतं, 'दोन्ही नको असलं तर तिसरा घ्यायचा. चला, कान इकडं.' मग एक मुलगी शब्द म्हणते. आणि मग दुसरंच कुणीतरी. बाई, हे तुम्ही भरलंय का?"

माझं तिसरं कोरं पान. रविवारच्या आधी कधीतरी, बाहेरून कडी लावलेल्या त्या खोलीत, सहा वर्षांच्या पोरीनं माझ्या धड्यातली चूक दुरुस्त केली होती आणि माझ्याच आवाजात शिकवली होती.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही भरलं."

"मग पुसून टाकू का? दोन बटणं एकदम दाबायची ना?"

"हात लावू नकोस," मी एवढ्या जोरात म्हणाले की आतल्या खोलीतून आमचे हे बाहेर आले. "पोरांना ते पान ऐकव आणि परत जागेवर ठेव. वर्षाला सेल बदलत जा."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, माझा डावा हात उजव्या मनगटावर होता. खांद्यापासून तिथपर्यंत तो कधी आला, ते मला कळलं नव्हतं.